सात मीटरवरची विहीर

३ मार्च, सोमवार

नोटीस! मला! लाँड्रीच्या दारावर चिकटवून गेले, खळ अजून ओली होती. आमच्या मागच्या विहिरीतून 'प्रमाणाबाहेर उपसा' होतो म्हणे, त्यामुळे गल्लीतल्या विहिरी आटल्या. बावीस मे रोजी भूजल प्राधिकरणापुढे सुनावणी. आरोप सिद्ध झाला की विहीर सीलबंद. विहीर बंद म्हणजे हौद कोरडे, हौद कोरडे म्हणजे लाँड्री संपली. सासूबाईंनी एका पाट्यावर सुरू केलेलं दुकान मी एका कागदावर बंद करायचं?

आणि कमाल म्हणजे त्याच दिवशी, त्याच टेबलावर कोळशाच्या खाणीचा अर्ज. त्यांना आणखी चाळीस मीटर खोल जायचंय! आजच तो खड्डा इतका खोल आहे की वरून बघितलं तर तळातले ट्रक काडेपेटीएवढे दिसतात. पाणी त्याने नाही खाल्लं, मी खाल्लं, चादरी धुऊन!

खाणीचं म्हणणं साधं आहे. खड्ड्याच्या कडेला सरकारी देखरेखीची विहीर आहे. तिच्यात पाणी सहा वर्षं सात मीटरवर. जरासुद्धा हललं नाही. खड्ड्याच्या इतक्या जवळच्या विहिरीला काही होत नाही, मग दोन किलोमीटरवरच्या गल्लीला कसं होईल?

ह्यांना नोटीस दाखवली. हे खाणीच्या पंपघरात, तीस वर्षं. खड्ड्यात झिरपलेलं पाणी बाहेर फेकायचं, खड्डा कोरडा ठेवायचा, हेच काम. वाचून म्हणाले, "बघू." आणि ताटावर बसले. ह्यांचं 'बघू' म्हणजे विषय संपला.

४ मार्च

विहीर मोजली. दोरीला गाठी मारल्यात मीटर-मीटरवर, शेवटाला जुन्या इस्त्रीचं लोखंड. सतरा मीटर चाळीस. मी लग्न होऊन आले तेव्हा सहावर होतं, वाकलं की आपलं तोंड दिसायचं.

१२ मार्च

शेजारची शिंपीणबाई नळावर म्हणाली, "आमची विहीर आटली ती काय उगाच नाही." माझ्याकडे बघून नाही, बादलीकडे बघून! मागच्या कुणी तरी 'पाणीचोर' म्हटलं. ऐकू यावं एवढ्याच आवाजात.

मी मागे वळून म्हटलं, "चोरीचं पाणी असतं तर तुमचे परकर एवढे पांढरे निघाले नसते!" हशा झाला. पण घरी येऊन रडले. इथे लिहायला हरकत नाही.

१३ मार्च

हिशेब केला. आम्ही दिवसाला भरून दोन हौद उपसतो. ह्यांनीच एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं — आमचा एक पंप तासाभरात जेवढं फेकतो, तेवढ्यात तुझी लाँड्री महिनाभर चालेल. असे पंप पाच. दिवसरात्र.

पण हे कागदावर कोण मानणार? कागदावर सात मीटर.

७ एप्रिल, सोमवार

पहिला सोमवार म्हणजे मोजणीवाल्याचा दिवस. सरकारी माणूस, महिन्यातून एकदा देखरेखीच्या विहिरीचं झाकण उघडतो, पोलादी टेप सोडतो, आकडा लिहितो आणि संध्याकाळी आपले शर्ट माझ्याकडे टाकून जातो. भला माणूस. बोलतो इतका कमी की शर्टच जास्त सांगतात.

८ एप्रिल

आज जे दिसलं ते आधी लिहून ठेवते.

मोजणीवाल्याचा शर्ट घासायला घेतला. उजव्या कफवर पिवळट-तांबूस डाग. दर महिन्याला असतो, दर महिन्याला मी लिंबू-मीठ चोळून काढते आणि विसरते. ओला टेप गुंडाळताना लागतो तो. आज नेमका त्याच्या खाली ह्यांचा पंपघराचा गणवेश होता. बाहीवर डाग. तोच! तसाच रंग, तशीच कडेला गडद रेघ, लिंबू लावलं की तसाच आधी फिकट पिवळा होऊन मग जाणारा. मी पस्तीस वर्षं लोकांचे डाग वाचते. चहा कुठला, शाई कुठली, गंज कुठला, झोपेत सांगेन.

ह्यांच्या बाहीवर खड्ड्यातलं पाणी आहे. मग मोजणीवाल्याच्या कफवर कुठलं? देखरेखीच्या विहिरीतलं. त्या विहिरीत खड्ड्याचं पाणी कसं आलं?

आमच्या विहिरीच्या पाण्याने एक रुमाल पिवळा पडल्याचं मला दाखवा!

१० एप्रिल

ह्यांना विचारलं, खड्ड्यातलं पाणी कुठे सोडता? "ओढ्यात," म्हणाले. वर न बघता.

१३ एप्रिल, रविवार

ओढ्यावर जाऊन आले. ठणठणीत कोरडा! नुसता पाचोळा.

मग खाणीच्या कुंपणाच्या बाहेरून चालत गेले. उकरलेल्या मातीचे ढीग आहेत, डोंगरच म्हणायचे, त्यांच्या मागे गल्लीतलं कधी कुणी जात नाही. कशाला जाईल? गुडघे बोलायला लागले, चपलेचा अंगठा तुटला, पण गेले. आणि ढिगामागे तळं! भरलेलं, काठाला पिवळ्या सायीसारखा थर. मातीतून मांडीएवढा जाड पाइप बाहेर आलेला आणि त्यातून पाणी धो-धो. तळ्यापासून देखरेखीच्या विहिरीपर्यंत पावलं मोजली. तीस.

वा रे वा! जमिनीखालचं पाणी उपसायचं, विहिरीच्या उशाला नेऊन ओतायचं, ते मुरून विहिरीत उतरणार आणि मग म्हणायचं, बघा, सात मीटर! जरासुद्धा हललं नाही!

हे ऐकून हे म्हणाले, "असेल." ह्यांना तरी काय माहीत, पंपघराच्या चार भिंतींत बसलेला माणूस. पाणी बाहेर गेलं की ह्यांचं काम संपलं. पुढे कुठे जातं ते साहेबलोक ठरवतात.

१४ एप्रिल

पण दाखवायचं कसं? डागावर कोण विश्वास ठेवील?

सासूबाई आठवल्या. नव्या पाण्यात कपडे घालण्याआधी त्या पाण्याला 'साबण पाजून' बघायच्या. अर्धी बाटली पाणी, त्यात पातळ साबणपाणी चमच्या-चमच्याने, प्रत्येक चमच्याला बाटली हलवायची. फेस आला की आकडे मोजायचे. शंभरपर्यंत फेस टिकला म्हणजे पाण्याचं पोट भरलं. आमच्या विहिरीचं पाणी तीन चमच्यांत भरतं. वाईट पाणी नुसतं साबण खात बसतं.

देखरेखीच्या विहिरीचं पाणी किती खातं ते बघायचं. पण झाकणाला कुलूप, आणि किल्ली मोजणीवाल्याकडे.

१५ एप्रिल

शर्ट न्यायला आला. म्हटलं, एक बाटली पाणी आणून द्या त्या विहिरीचं.

"ताई, माझी नोकरी जाईल."

"पाणी मागतेय, किल्ली नाही. आणि हे कफ बघा. हे डाग कुठून येतात, तुम्हाला कधी प्रश्न नाही पडला?"

त्याने कफवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पडला होता. पण अवेळी झाकण एकदाच उघडेन." हात पुढे केला. बाटली दिली — दुकानातलीच, विसळून.

२० एप्रिल, रविवार

सगळं मुसळ केरात. तीन बाटल्या मांडल्या: आमची विहीर, देखरेखीची विहीर, तळं. तळ्याची मी स्वतः भरून आणली. साबण पाजला. तीन चमचे, तीन चमचे, तीन चमचे! तिन्हींना फेस, तिन्ही शंभरपर्यंत ठणठणीत.

म्हणजे पाणी सारखंच. म्हणजे मी वेडी. म्हातारपणी शर्टाच्या बाहीवरून खाणीशी भांडायला निघाले!

हे म्हणाले, "सोड ना आता. आठ महिन्यांनी मी रिटायर होतोय, आपण दुसरीकडे जाऊ." मी ताट सरकवून उठले.

२१ एप्रिल

अगं बाई गं! किती मूर्ख असावं माणसाने!

आज इस्पितळाच्या चादरी. भट्टीत घालायच्या आधी पाण्यात धुण्याचा सोडा टाकत होते. कशासाठी टाकतो आपण सोडा? पाण्याने साबण खाऊ नये म्हणून! आणि त्या तीन बाटल्या कसल्या होत्या? सोड्याचं पाणी भरून ठेवायच्या! विसळल्या म्हणे. तळाला पांढरी पुटं तशीच होती, आज उन्हात धरून बघितली. मी पाणी मोजलंच नाही, सोडा मोजला. ही चूक करायला धोबीणच व्हावं लागतं.

तळ्याचं पाणी पळत जाऊन पुन्हा आणलं, कोऱ्या काचेच्या बाटलीत. चौदा चमचे! चौदा! हात दुखून आला हलवून हलवून.

आता देखरेखीच्या विहिरीचं. ते आता मोजणीच्या दिवशीच मिळणार, पाच मेला. सुनावणी बावीसला. मध्ये एकच पहिला सोमवार.

५ मे, सोमवार

सकाळपासून दारात. संध्याकाळी मोजणीवाला आला, शर्टांच्या गठ्ठ्यात गुंडाळलेली बाटली. कोरी, मी दिलेली, माझ्या हातची उकळलेली.

तेरा... चौदा. फेस. शंभर.

शिंपीणबाईला हाक मारून बोलावलं आणि तिच्यासमोर परत केलं. आकडे तिने मोजले. तिच्या विहिरीत तळाला राहिलेलं बादलीभर पाणी होतं, तेही पाजलं. तीन. ती पदराने डोळे टिपत म्हणाली, "मी तुला काय काय बोलले गं." म्हटलं, ते नंतर, आधी सुनावणीला यायचं. गल्लीला घेऊन यायचं.

८ मे

लॅबवाल्या बाईंचे पांढरे डगले माझ्याकडेच येतात. आज डगले द्यायला मी स्वतः गेले, पिशवीत तीन बाटल्या. चमच्यांची गोष्ट ऐकून हसल्या, पण थट्टेने नाही. म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना आमच्याकडे नोकरी द्यायला हवी होती." मग नीट समजावलं. कोळशाच्या थरात गंधक असतं. जमिनीत खोल असतं तोवर निवांत. खड्डा खणला, हवा लागली की ते पाण्यात उतरतं, सोबत लोखंड, चुना, काय काय. म्हणून ते पाणी पिवळं, म्हणून साबणखाऊ.

"मी मोजून देते. शिक्क्यासह."

१५ मे

शिक्का! गंधकाच्या क्षाराचे आकडे: आमची विहीर बावीस. देखरेखीची सहाशे दहा. तळं सहाशे चाळीस.

कागद साडीच्या घडीत ठेवला. दिवसातून चारदा बघितला.

२२ मे, गुरुवार

जिंकले. जिंकले! पण क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

सभागृह भरलेलं. एका बाजूला खाणीची माणसं, पुढे त्यांचे पाणीसाहेब, कडक कॉलर. (माझ्याकडची नाही. मी इतका स्टार्च घालत नाही.) दुसऱ्या बाजूला गल्ली. अख्खी गल्ली! हे नव्हते, ड्यूटी बदलता आली नाही म्हणाले. मधे टेबलावर अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

पाणीसाहेबांनी पडद्यावर रेघ दाखवली. सहा वर्षांची सरळ रेघ, सात मीटर. "देखरेखीच्या विहिरीवर खाणीचा कसलाही परिणाम नाही. पातळी घटते आहे ती स्थानिक व्यावसायिक उपशामुळे." व्यावसायिक उपसा म्हणजे मी, धोतरं-चादरीवाली.

माझी पाळी आली. टेबलावर तीन बाटल्या ठेवल्या, साबणपाण्याचा गडू ठेवला, चमचा ठेवला. पाणीसाहेब हसले. "हा स्वयंपाकघरातला खेळ इथे कशाला?"

म्हटलं, "साहेब, स्वयंपाकघरातला नाही, मोरीतला आहे. आणि खेळ असेल तर बाईसाहेबांनीच खेळून बघावा."

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला, बाह्या सारल्या आणि बाटली उचलली! आमची विहीर: एक चमचा, दोन, तीन. फेस. आणि मागून शिंपीणबाईने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... दहापर्यंत तिचा एकटीचा आवाज, विसापर्यंत बायकांचा, पन्नासपर्यंत सगळ्या गल्लीचा. शंभर! टाळ्या.

मग देखरेखीची विहीर. चार चमचे, पाणी नुसतं गढूळ. सात. फेस येतो आणि बसतो. दहा झाले तेव्हा अध्यक्षबाईंनी हात बदलला. बारा. चौदाव्याला फेस टिकला. मग तळं. तेही चौदा.

"ही दोन पाणी एकच आहेत," मी म्हटलं. "आणि दोन्ही आमच्या विहिरीच्या पाण्याहून वेगळी. एक खड्ड्यातून उपसलेलं, दुसरं तेच, तीस पावलं चालून विहिरीत उतरलेलं. ती विहीर सात मीटरवर नाही, तिला सात मीटरवर ठेवलंय. रोज पाजून!" मग शिक्क्याचा कागद पुढे केला. लॅबवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि आकडे आपल्या तोंडाने वाचले.

पाणीसाहेब म्हणाले, तळं तात्पुरतं आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून? ते म्हणाले, माहिती घ्यावी लागेल. तेवढ्यात मागच्या रांगेतून मोजणीवाला उठला. महिन्याला चार शब्द बोलणारा माणूस! "सहा वर्षं, बाईसाहेब. मी दर महिन्याला त्याच्या काठाने जातो. मला सात मीटर लिहिताना बरं वाटत नव्हतं."

निकाल लेखी येणार. पण बाहेर पडताना अध्यक्षबाईंनी थांबवलं आणि चमचा परत देत म्हणाल्या, "माझा हात दुखतोय हो." आणि हसल्या! मला कळलं.

गल्लीपर्यंत चालतच आलो, सगळे. कुणी पुन्हा आकडे मोजायला लागलं, एक, दोन, तीन, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, ह्या लोकांना झालंय काय!

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकलं. घास तसाच हातात. "मोजणीवाला उभा राहिला?" एवढंच विचारलं. नोकरीची काळजी असणार. असू दे, आज मला कुणाची काळजी करायची नाही.

९ जून, सोमवार

लेखी निकाल. उतरवून ठेवते, पुन्हा पुन्हा वाचायला.

चाळीस मीटर — नामंजूर. खड्ड्याचा सगळ्यात खालचा थर बंद, तिथला उपसा बंद. तळ्याचा पाइप आठ दिवसांत तोडायचा. देखरेखीची विहीर पुरावा म्हणून रद्द. इथून पुढे गल्लीतल्या तीन विहिरी मोजायच्या, त्यांत पहिली माझी! लाँड्रीची नोटीस मागे. विहिरी भरेपर्यंत खाणीने गल्लीला पाणी पुरवायचं. आणि तो पाइप तिथे कुणाच्या हुकमाने, कुणाच्या हाताने गेला, याची चौकशी.

नोटिशीचा कागद भट्टीच्या जाळात घातला. मस्त जळला.

१७ जून

पाइप निकालाच्या दिवशीच तोडला होता. मोजणीवाला मुद्दाम सांगायला आला: देखरेखीची विहीर आठ दिवसांत सातवरून अकरावर! हौदाचं बूच काढल्यासारखी. म्हणाला, "ताई, आज पहिल्यांदा खरा आकडा लिहिला." त्याचे शर्ट आज फुकट धुतले. कफ पांढरेशुभ्र.

२६ जून

देखरेखीची विहीर एकोणीस. आता आमच्या गल्लीपेक्षाही खाली, खड्ड्याशेजारच्या विहिरीने असावं तशी.

लाँड्रीत उभं राहायला जागा नाही. ज्यांनी वर्षभर कपडे टाकले नव्हते ते पडदे काढून घेऊन आलेत. 'पाणीचोर' म्हणणारी कोण होती तेही आज कळलं — तिच्या पाच गाद्यांचे अभ्रे आले. तिने गुमान दिले, मी गुमान घेतले. स्टार्च मात्र जरा जास्त घातलाय!

५ जुलै, शनिवार

विहीर सोळा मीटर नव्वद! वर आली! अर्धा मीटर, पण वर! तीनदा दोरी सोडली. शिंपीणबाईला ओढत आणून दाखवलं. दोघी विहिरीत वाकून हसत होतो, आवाज घुमत होता.

तिच्या विहिरीतही वीतभर साचलंय. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे ह्यांच्या तोंडावर सांगून टाकलं. हे हसले नाहीत.

१२ जुलै, शनिवार

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "तळ्याचा पाइप मी टाकला. सहा वर्षांपूर्वी. साहेबांनी जागा दाखवली, आणि ती जागा कशासाठी ते मला तेव्हाच कळलं होतं."

सहा वर्षं. गल्ली मला चोर म्हणत होती आणि हे माझ्यासमोर बसून जेवत होते.

सोमवारी चौकशी आहे. स्वतःहून सांगणार म्हणाले, पेन्शन गेलं तरी. मी बरोबर जाणार आहे. खोलीत ह्यांच्या बाजूला बसायचं की समोर, ते अजून ठरत नाही.